ग्रंथालयातल्या ताईंना, आईकडून आणि माझ्याकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "माझं नाव कुठे घालू नका हं, कामच आहे ते माझं." तुमचा शब्द पाळते. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे असं आईने बजावलंय, म्हणून हे उघड पत्र.

१७ जुलैला पेपरात आतल्या पानावर एक चौकट आली होती. १९४७ साली याच दिवशी 'रामदास' बोट बुडाली त्याची आठवण. दहा-बारा ओळींत सहाशेहून जास्त माणसं आटोपलेली. मला ती वाचून रागच आला. खालच्या जाहिरातीला जागा जास्त होती. आईने काही न बोलता ती कापली, चष्म्याच्या घरात ठेवली आणि दिवेलागणीला मला म्हणाली, "यात वेळ दिलेली नाही. किती वाजता बुडाली, ते कुठे बघता येईल का?"

माझे आजोबा, आईचे वडील, त्या बोटीवर होते. आई तेव्हा दोन वर्षांची. आजोबा परळच्या गिरणीत होते आणि अवसेच्या तोंडावर घरी यायला निघाले होते. आमच्या घरात या गोष्टीचं एकच वाक्य होतं, "बोट बुडाली." आजी त्यापुढे बोलायची नाही. फक्त दिव्याची अवस आली की समया, निरांजनं चिंचेने लख्ख घासायची, पाटावर मांडायची आणि वात न लावताच पुन्हा उचलून ठेवायची. "काळोखात कसं पोहलं असेल माणूस," असं एकदा म्हणाल्याचं आईला आठवतं. आजी गेली तोवर तिच्या मनात तो काळोखच होता.

तुमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं होतं, फार तर रजिस्टरवर सही घेतील आणि "उद्या या" म्हणतील. मागणीच्या चिठ्ठीवर कारणाच्या रकान्यात मी 'अभ्यास' लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "कसला अभ्यास?" मी सांगितल्यावर तो शब्द खोडून तुम्ही स्वतःच्या अक्षरात 'आईचे वडील' लिहिलंत. ताई, तिथेच माझे डोळे भरले होते. तुम्ही बघितलंत आणि काही न विचारता पंखा कमी करायला उठलात, म्हणजे पानं उडायला नकोत.

जुलै १९४७ ची फाईल तिच्या जागेवर नव्हती. तुम्ही शिडीवर चढून वरच्या कपाटातून ती शोधून काढलीत. पानं पापडासारखी झालेली, कडा हात लावला की झडायच्या. तुम्ही दोन्ही तळव्यांवर पान उचलून उलटत होतात आणि टेबलावर पडलेले तुकडे एका पाकिटात भरून वर तारीख घालत होतात. त्या तुकड्यांचं आता काय होणार, असं मनात आलं, पण तुम्ही एकही टाकला नाहीत. बारीक टायपात माझी नजर सारखी घसरायला लागली, तेव्हा ओळीखाली पट्टी धरून तुम्हीच वाचायला लागलात. हळू आवाजात, एकेक शब्द.

सकाळी आठच्या सुमाराला बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागकडच्या रेवस बंदरासाठी सुटली. आधी पावसाची भुरभुर, मग एकदम वारा आणि लाटा. भिजायला लागले तशी माणसं एका बाजूला धावली, बोट कलंडली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. धक्का सोडून जेमतेम अर्धा तास झाला होता.

"सकाळी," असं तुम्ही पुन्हा एकदा म्हणालात आणि माझ्याकडे बघितलंत.

बोटीवर वायरलेस नव्हता, म्हणून दुपार उलटेपर्यंत मुंबईला पत्ताच नव्हता. अलिबागकडचा दहा-बारा वर्षांचा एक पोरगा लाइफबॉय (तरंगायचं कडं) धरून वाहत वाहत गेटवेशी लागला, आणखी काही जण पोहत आले, तेव्हा कळलं. आमच्या गावात तर रात्री कंदील घेऊन माणसं सांगायला आली. आजीच्या काळोखाचं कारण हेच असणार. बातमी रात्री आली आणि तिच्यासाठी बोटही रात्रीच बुडाली.

मी विचारलं होतं, एवढं सगळं लोक विसरले कसे? तुम्ही उत्तर न देता शेजारच्या रकान्यांवर बोट ठेवलंत. स्वातंत्र्य २९ दिवसांवर आलेलं. १८ जुलैलाच तिकडे लंडनला स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची सही झाली. त्या धामधुमीत परळ-लालबागहून कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात घरी निघालेल्या माणसांसाठी थांबायला कोणाला वेळ होता? मला हे समजतं, पण पटत नाही. त्याच मालकीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं तेव्हाच विसरलं गेलं होतं. भर पावसाळ्यात प्रवासी बोटी बंद ठेवायचा नियम 'रामदास' बुडाल्यानंतर आला. आज मे संपता संपता गेटवे-मांडवा लाँच बंद झाली की आपण चरफडतो. मीही चरफडायचे, ताई. आता नाही.

आणि रेवसचे कोळी. मासळी घेऊन ते मुंबईला निघाले होते. माणसं गटांगळ्या खाताना दिसली तशी त्यांनी ती सगळी मासळी दर्यात ओतली आणि हाती लागेल त्याला होडीत ओढून घेतलं. अख्ख्या फेरीची कमाई होती ती. हे आईला सांगितलं तर ती किती तरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण त्यांच्याकडूनच मासळी घेत आलो ना गं, इतकी वर्षं."

आजोबांचं नाव आपल्याला सापडलं नाही. दोन दिवसांचे अंक बघितले, मग तुम्ही तिसऱ्या दिवसाचाही काढलात. ग्रंथालयाची वेळ संपली होती, शिपाईदादा किल्ल्या घेऊन उभे होते. फाईलची झेरॉक्स काढता येत नाही, पानं फाटतात. म्हणून तुम्ही तो मजकूर पेन्सिलीने फुलस्केपवर उतरवून दिलात, पाठपोट दोन कागद. मी पेढे पुढे केले तर एकच घेतलात, तोही शिपाईदादांना दिलात.

ते कागद मी आईला वाचून दाखवले. 'सकाळी आठ' तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "जुलैत आठला चांगलं दिसतं ना गं?" मी म्हटलं, ढग असले तरी दिसतं. तिने कागद घडी करून पोथीत ठेवले. त्या रात्री तिने आजोबांबद्दल जे सांगितलं, ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं. त्यांचा मुंबईचा पत्र्याचा डबा, आजीने शेवटपर्यंत जपलेली त्यांची छत्री, जी नेमकी त्या खेपेला घरी राहिली होती.

यंदा दिव्याच्या अवसेला आई समया लावणार आहे. समईच्या वाती तिने आतापासूनच वळून ठेवल्यात. कणकेचे गोड दिवे करायचे आहेत आणि तुमच्या नावाचे पाच वेगळे काढायचे, असं तिचं चाललंय. लाँच बंद असेल, तेव्हा एसटीने या, पेणवरून. स्टँडवर मी घ्यायला येईन.

तुमची,
'आईचे वडील' शोधत आलेली