हाडांची शाकारणी

पुणे, पितृपक्ष

ती. बाबा व सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर हाताचं विचारलं की आई "बरा आहे गो" म्हणते आणि लगेच माझ्या जेवणाची चौकशी सुरू करते. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, दुपारी पडवीत बसून तुम्ही हे तिला वाचून दाखवा. लांबलंय, पण मधलं काही गाळू नका.

येत्या गुरुवारी प्लास्टर निघेल. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आई पाखाडीवर शेवाळावरून घसरली, उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. हात टेकून पडल्यावर मनगटाच्या जरा वर जे हाड मोडतं त्याला कॉलेस फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनच्या अब्राहम कॉलेस या सर्जनने १८१४ साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं. एक्सरेचा शोध १८९५ चा, म्हणजे त्याने ते नुसत्या बोटांनी चाचपून ओळखलं होतं. गणपतीत आले तेव्हा मी आईचा एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. हाड छान बसवलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मला लागलंय ते वेगळंच. चालता चालता पडून हाड कसं मोडलं, असं बाबांनी विचारल्यावर दवाखान्यात "वयामुळे" एवढं एकच उत्तर मिळालं, आणि तुम्ही दोघांनी ते मुकाट घेतलं.

हा शब्द आपल्या घरात मी आधी ऐकलाय. आजी माजघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली, खुबा मोडला, तेव्हाही तेच. वय झालं, आता पडूनच राहू दे. पाच महिने ती खाटेवर होती. परवा तिची तिथी झाली. तुम्ही तिकडे पान वाढलं असेल, मी इथे दिवसभर तिच्याच आठवणीत होते.

बाबा, तिच्या अस्थी गोळा करायला मी हट्टाने तुमच्याबरोबर आले होते. फिजिओथेरपीचं माझं दुसरं वर्ष होतं तेव्हा. राखेत खुब्याचा गोळा अगदी आकारासकट पडला होता. मी उचलायला बोट लावलं आणि त्याचा खडूसारखा भुगा झाला. वर्गात शिकलेली गोष्ट त्या क्षणी मला खरी कळली. हाडाच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. उरलेलं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे आणि थोडं पाणी. आगीत धागे जळून जातात आणि खनिज मागे राहतं. आकार टिकतो, पण चिवटपणा पार जातो. उलट बघायचं असेल तर कोंबडीच्या तंगडीचं हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज विरघळतं, धागे राहतात, आणि हाड हातात रबरासारखं वाकतं. कडकपणा खनिजाचा, चिवटपणा धाग्यांचा. दोन्ही असतील तरच हाड माणसाला पेलतं.

या धाग्याची घडण तुम्हाला सांगायचीच आहे. १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी ती उलगडली. तीन पेड एकमेकांभोवती वळलेले, सुंभासारखे. प्रत्येक पेडाचा स्वतःचा पीळ डावा, आणि तिघांचा मिळून उजवा. बाबा, तुम्ही काथ्या वळताना हेच तर करता. पेडाला एका बाजूने पीळ द्यायचा आणि पेड एकत्र घेताना उलट्या बाजूने, म्हणजे दोर उकलत नाही. रामचंद्रन मूळचे एर्नाकुलमचे, आपल्यासारखेच माडांच्या किनाऱ्यावरचे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता हाड आतून कसं असतं ते. बाहेरून टणक कवच, आणि टोकांना, मणक्यांत, खुब्यात आत जाळी. आपल्या गडग्यातला जांभ्याचा चिरा फोडल्यावर जशी भोकं भोकं दिसतात तशी. त्या भोकांत मज्जा असते, तिथेच रक्ताच्या तांबड्या पेशी तयार होतात. जाळीच्या काड्या मात्र कशाही पसरलेल्या नसतात. अंगाचा भार ज्या रेषेत उतरतो त्या रेषेत त्या उभ्या असतात, आपल्या घराचे वासे जसे आढ्यापासून भिंतीवर उतरतात तशा. नवं हाडही खाणीतून काढलेल्या चिऱ्यासारखंच आधी मऊ असतं आणि नंतर कडक होतं. चिऱ्याला वारा लागावा लागतो. हाडात धाग्यांची वीण आधी पडते आणि दहा-पंधरा दिवसांनी तिच्यात खनिज भरू लागतं.

आई, तुला वाटतं हाड म्हणजे एकदा बांधलेली भिंत, पन्नाशीनंतर ती झिजणारच. तसं नसतं. हाडाची दरवर्षी शाकारणी होते. काही पेशी जुनं, तडकलेलं हाड उतरवतात, त्यांच्या मागून दुसऱ्या पेशी येऊन नवं रचतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग असा वर्षाला नवा होतो. म्हणजे तू आज ज्या हाडांवर उभी आहेस ती माझ्या लग्नाच्या वेळची नाहीतच. एका जागी उतरवायला दोन-तीन आठवडे लागतात, रचायला तीन-चार महिने. सगळी गोम या हिशेबातच आहे. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं संप्रेरक कमी होतं. उतरवणाऱ्यांना आवर घालणारं तेच असतं. मग कौलं भराभर उतरतात आणि नवी चढवायला माणसं पुरत नाहीत. जाळीच्या काड्या बारीक होतात, काही तुटतात, आणि तुटलेली काडी सहसा परत जोडली जात नाही. बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही. मग एक दिवस मनगट मोडतं. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो ओळखता येतो आणि त्यावर औषधं आहेत, म्हणूनच "वयामुळे" या उत्तराचा मला राग आहे. मनगट मोडलेल्या बाईला पुढे खुबा मोडायचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण तुम्हाला माहीत असायला हवं.

अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या चिमूटभरावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंचं आखडणं-सैलावणं चालतं, त्यामुळे रक्तातलं माप शरीर ढळू देत नाही. ताटातून मिळालं नाही तर ते हाडांतून काढून घेतं, आणि ते वर्षानुवर्षं चालू राहतं. आई, तू गेली कित्येक वर्षं पेज आणि आमटी-भातावर दिवस काढतेस, दूध बाबांना आणि पाहुण्यांना. दिवसाला हजार मिलिग्रॅम तरी कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तांदळात त्याच्या विसाव्या हिश्शाइतकंही नाही. आजीच्या वेळी आपल्याकडे रोज नाचणीची भाकरी होती. ती परत सुरू करा. तिळाची चटणी करा, न सोललेल्या तिळाची. काट्यासकट खाता येतील असे बारीक मासे खा. गोळ्या मनाने आणू नका, ते डॉक्टर सांगतील. आणि उन्हात बसा. ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही.

पण खाण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे भार. बर्लिनच्या ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. टेनिस खेळणाऱ्यांचं रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. अंतराळात वजन जाणवत नाही, तिथे खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्का घटतं. खाटेवर पडलेल्या माणसाचंही तसंच होतं. आजीला आपण जपलं म्हणून पडून ठेवलं आणि तिची हाडं आणखी झिजली. आपल्याला माहीत नव्हतं, बाबा, तुमचा दोष नाही. पण आता माहीत आहे. म्हणून "हात मोडलाय, बसून राहा" असं शेजारच्या काकू सांगतील तेव्हा आईला बसू देऊ नका. सकाळ-संध्याकाळ रस्त्याने चालत देवळापर्यंत जाऊन या, दोघंही. बाबा, तुम्हीही झोपाळ्यावरून उठा.

प्लास्टर निघाल्यावर हात वाळलेला, सुजलेला आणि ताठ दिसेल. घाबरू नका. तेल चोळणाऱ्या बाईंना बोलवू नका, चोळून हाड जुळत नाही. कोमट पाण्यात हात ठेवून मूठ उघड-मीट करायची, अंगठा प्रत्येक बोटाला लावायचा, दिवसातून चार-पाच वेळा. खांदाही वर न्यायचा, तो आखडला तर मनगटापेक्षा जास्त छळतो. घागर इतक्यात नाही.

पाखाडीवर ब्लीचिंग पावडर टाकून कडक झाडूने घासून घ्या, आणि चढाला हाताशी धरायला बांबूचा कठडा बांधा. गड्याला पैसे मी पाठवते.

दसरा झाला की दोघं इकडे या. आईची डेक्सा तपासणी करायची आहे, हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी. पाच-दहा मिनिटं टेबलावर पडायचं असतं, सुई नाही, दुखणं नाही. टी-स्कोअर म्हणून आकडा येतो, तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला; उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर औषध सुरू करू. बाबा, तुमचीही करू, पुरुषांची हाडंही झिजतात. रात्रीच्या एसटीची तिकिटं मी काढते, पुढची सीट मिळेल असं बघते.

येताना आईचा पहिला एक्सरे आणा. तो कॅलेंडरच्या मागे खिळ्याला अडकवलेला आहे.

तुमची
सुमी