टाचणीबद्दल आभार

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम उघडं लिहितो आहोत. तुम्ही दाखवलेलं गच्चीवर, बाल्कनीत बोन्साय सांभाळणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे. खवले कीड, म्हणजे फांदी-पानाला खवल्यासारखा चिकटून रस पिणारा बारीक किडा, दिसली की माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो. तुम्ही आधी टाचणी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग काढलंत. पहिले आभार त्याचे.

नांद्रुकाच्या (वडाच्या कुळातलं, बोन्सायसाठी लावलं जाणारं झाड) सालीवर बारीक उंचवट्यांच्या ओळी असतात. ती झाडाची श्वास घेण्याची छिद्रं, नखाने खरवडली तरी निघत नाहीत. तीच कीड समजून साल सोलून काढलेली झाडं कमी नाहीत. खरा खवला टाचणीचं टोक कडेखाली घातलं की सुटतो. अख्खा किडा सुटून आला तर तो मऊ खवला. वरचं झाकण तेवढं निघालं आणि पिवळसर मऊ अंग सालीलाच चिकटून राहिलं, तर तो कवचवाला.

हा भेद नुसता पुस्तकी नाही, हे तुम्ही समजावलंत. मऊ खवला झाडाचा अन्नरस पितो आणि जादा साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. म्हणून पानं चिकट, कुंडीखालची फरशी चिकट, त्यावर काळी बुरशी आणि मुंग्यांची रांग. कवचवाला पेशी फोडून खातो, तिथे चिकटा नसतो. त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखं रसातून फिरणारं औषध मऊ खवल्याला लागू पडतं, कवचवाल्यावर बहुतेक वाया जातं. ‘दोनदा ओतलं, काही फरक नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं. फुलणाऱ्या कामिनीला ते औषध देऊच नका, मधमाश्या मरतात, हेही तुम्ही बजावलंत.

पूर्ण वाढलेल्या खवल्यावर फवारा मारून फारसं काही होत नाही, कारण त्याचं मेण त्याला छत्रीसारखं झाकतं. कॉफीच्या दाण्यासारख्या घुमटाकार तपकिरी मादीला तुम्ही टाचणीने उलटं केलंत, तेव्हा खालून फिक्या अंड्यांची भुकटी सांडली. एका मादीखाली शेकड्यांनी! पिल्लं एकदम बाहेर पडत नाहीत, थोडी थोडी निघतात, एक-दोन दिवस फिरतात आणि जागा धरून बसतात. मारायची ती या वयात. म्हणून फांदीभोवती दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपची एक पट्टी गुंडाळायची आणि दर दोन-तीन दिवसांनी भिंगातून बघायची. पिवळे-नारिंगी ठिपके अडकलेले दिसले की फवारणी सुरू, मग दर 7 ते 10 दिवसांनी, निदान 3 ते 4 वेळा. एकदाच फवारून थांबणं म्हणजे उरलेल्या अंड्यांना मोकळं रान.

प्रमाण तुम्ही सांगितलंत तेच देतो: 1 लिटर कोमट पाण्याला 5 मिली नीमतेल आणि 2 मिली सौम्य द्रवसाबण. साबण आधी तेलात घोटायचा, मग पाणी. उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात नुसतं तेल येऊन पानं भाजतात. कपड्यांच्या पावडरीचं पाणी तर मुळीच नको. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस वाट बघायची. वेळ संध्याकाळची, झाडाला आधी पाणी दिलेलं हवं, आणि मे महिन्याच्या कडक उन्हाच्या दिवसांत तेल बंद. निळसर झाक असलेल्या जुनिपरवर (एक सूचिपर्णी झाड) तेल मारलं की ती झाक धुऊन जाते, तिथे बुडवलेला कापूसच बरा.

फवारण्याआधीचं हाताचं काम मात्र कुणी मनापासून करत नाही. आधी तार काढा. तारेच्या वेटोळ्याखाली, छाटणीच्या जुन्या व्रणात, पानाच्या मधल्या शिरेलगत आणि मुळं मातीत शिरतात त्या खाचेत खवले दडतात. जुना मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी घ्यायची. धातूचं टोक नांद्रुकाच्या सालीत रुतलं तर चीक वाहतो आणि व्रण राहतो. अडून बसलेल्याला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कानकापूस लावायचा, पण कोवळ्या पालवीला तो टेकवायचा नाही. सगळं करताना कुंडीची माती प्लॅस्टिकने झाकून झाड आडवं धरायचं. उथळ ट्रेमध्ये माती मूठभर, साबणाचं पाणी त्यात उतरलं तर मुळांना त्रास, आणि सुटलेली पिल्लंही तिथेच पडणार.

मुंग्यांकडे तुम्ही बोट दाखवलंत ते फार बरं झालं. चिकट्यासाठी त्या खवल्यांची राखण करतात, खवले खाणाऱ्या ढालकिड्यांना जवळ येऊ देत नाहीत. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, आणि भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेली एकही फांदी नको. एक फांदी टेकली तरी वाट्या फुकट. सायपरमेथ्रिनसारखं सरसकट मारणारं औषध फवारलं तर मित्रकीटक आधी जातात आणि खवले पुन्हा माजतात. काही खवल्यांच्या पाठीवर सुबक गोल भोक दाखवून तुम्ही म्हणालात, ‘इथून खवल्याला आतून खाणारी बारीक परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडली आहे, ही फांदी सोडून द्या.’ न फवारण्याचा असा सल्ला दुर्मीळ.

टाचणीचा दुसरा उपयोगही लिहून ठेवतो. मेलेला खवला झाडावरून आपोआप गळत नाही, महिनोन्‌महिने तसाच दिसतो, आणि लोक घाबरून फवारतच राहतात. टोचून बघा: ओल आली तर जिवंत, कोरडा चुरा झाला तर मेलेला. दर फवारणीनंतर दहा ठिकाणी टोचून मोजायचं. नवी पालवी स्वच्छ असेल तर थांबायचं. शिवाय नायट्रोजनचं खत तोवर हात राखून, कारण लुसलुशीत फुटव्यावर कीड आधी बसते.

उंबराला टेप परवाच गुंडाळली आहे. ठिपके दिसले की फोटो पाठवतो.

आपले कृतज्ञ,
गच्चीवरचे बोन्सायवाले