आई-बाबा, दिवाळीतली एक सकाळ माझ्यासाठी ठेवा

आई, बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं की फोटो मोबाईलवरही निघतात मग त्यात वर्षभर शिकण्यासारखं काय असतं, तेव्हा मी लोकलमध्ये उभी होते, धड बोलता येईना, म्हणून आज निवांत लिहितेय. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

सध्या आमच्या फोटोग्राफीच्या कोर्समध्ये ऑटो मोड बंद, सगळं मॅन्युअल. म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा ते आपलं आपण ठरवायचं. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, सेकंदाच्या साठाव्या भागाऐवजी तिसाव्या भागाइतकं उघडं ठेवलं की उजेड दुप्पट येतो, आणि लेन्सच्या भोकाचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हे आधी उलटंपालटं वाटतं पण रोज हातात कॅमेरा असला की बोटं आपोआप वळतात.

पहाटे मरीन ड्राइव्हला जातो, आई काळजी करू नकोस, आमचा अख्खा ग्रुप असतो. अजून नीट उजाडलेलं नसतं तेव्हा ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवायचा, एफ ११ (म्हणजे भोक लहान), आयएसओ १०० (म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता कमी), आणि शटर २० सेकंद उघडं. लाटांचं नुसतं धुकं होतं. समोरून चालत गेलेली माणसं फोटोत उमटतच नाहीत, कट्ट्यावर बसून राहिलेली तेवढी दिसतात, पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या फोटोकडेच बघत होते. ऊन वर आलं की त्याच रस्त्यावर पॅनिंग करतो, काळी-पिवळी टॅक्सी आली की तिच्याबरोबर कमरेतून वळत कॅमेरा फिरवायचा, क्लिक झाल्यावरही थांबायचं नाही, मग टॅक्सी स्वच्छ येते आणि मागच्या बिल्डिंगांच्या आडव्या रेघा होतात.

पण मला सगळ्यात आवडलं ते दादरच्या फुलमार्केटमध्ये शिकले ते. पांढऱ्या शेवंतीचा ढीग होता, पूर्ण फ्रेम भरून घेतला, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सांगेल तसंच ठेवायला सरांनी सांगितलं होतं, आणि फुलं राखाडी आली. कारण कॅमेऱ्याच्या मीटरला पांढरं काय नि काळं काय कळत नाही, समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरूनच तो हिशोब करतो. म्हणून पांढऱ्याला एखादा स्टॉप उजेड जास्त द्यायचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि काळ्या घोंगडीला कमी. बाबा, मला तिथेच तुमची टोपी आठवली. आई एवढी नीळ घालून धुते, आणि आपल्या चुन्याच्या भिंतीपुढे काढलेल्या प्रत्येक फोटोत ती मळकट दिसते, तुमचा चेहराही काळवंडलेला. आता का ते कळलं आणि मला ते नीट करता येतं, याचा किती आनंद झालाय काय सांगू.

आई, तू म्हणतेस ना की बायका कुठे एवढं वजन गळ्यात घालून फिरतात, तर होमाई व्यारावाला यांचं नाव लिहून ठेव. जन्म १९१३, नवसारीचा. मुंबईतच जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, साडी नेसून मोठाले कॅमेरे उचलून देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे आणि २०११ला पद्मविभूषण मिळालं ते त्यांच्या स्वतःच्या नावावर. मला हे वाचून खूप बळ आलं.

आता मागणं. दिवाळीला येते तेव्हा एक सकाळ तुम्हा दोघांची मला हवीये. माजघरातल्या खिडकीजवळ, नऊच्या सुमारास, तेव्हा ऊन सरळ आत येत नाही, समोरच्या घराच्या भिंतीवर पडून मऊ होऊन येतं, गणपतीत मी बघून ठेवलंय. आपल्या अल्बममध्ये आई जवळजवळ नाहीच, असली तर वाढताना, पाठमोरी, नाहीतर कडेला अर्धा पदर. मला तिचा समोरून, बसलेला फोटो हवाय. घरात उजेड कमी म्हणून शटर हळू ठेवावं लागेल, तेव्हा आई, दूध उतू चाललं तरी उठायचं नाही, ते दादा बघेल. नवी साडी नको, ती रोजची जांभळी नेस. बाबा, तुम्ही दाढी आदल्या दिवशी करा आणि टोपी तीच घाला.

आणि दिवाळीआधी रंग काढणार म्हणत होता ना, माजघराला तो हिरवा ऑइलपेंट प्लीज देऊ नका, भिंतीचा हिरवा उजेड चेहऱ्यावर येतो आणि माणूस आजारी दिसतं. चुनाच मारा. खिडकीतली लोखंडी पेटी तेवढी दादाकडून बाजूला करून घ्या, बाबा तुम्ही उचलू नका.

तुमची,
ताई