मंत्रीसाहेब, भंडारदऱ्याच्या रिंगरोडवर आईला मागे बसवून एकदा चला

मा. मंत्रीसाहेब, स. न. वि. वि.

रविवारी माझ्या आईचा उजवा हात मोडला. मनगटाजवळ दोन ठिकाणी. गाडी मी चालवत होतो, ती मागे बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीत आज्जीसाठी नाचणीची भाकरी. वळणावर खड्ड्यात मुरूम टाकलेला, वरून पहिला पाऊस झालेला, पुढचं चाक त्या चिखलात रुतलं आणि गाडी आडवी झाली. मला खरचटलं, तिचा हात गेला. पडल्या पडल्या ती आधी मला विचारत होती, तुला लागलं का रं.

रस्ता तुम्हाला माहीत असेल, फोटोत तरी. शेंडीवरून निघायचं, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, परत शेंडी, चाळीसेक किलोमीटरचा फेरा. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला रतनगड, ढग उतरले की कळसूबाई दिसतसुद्धा नाही. पावसात कड्यांवरून इतके धबधबे उतरतात की लोक गाडी थांबवून नुसतं बघत राहतात. मी जन्मापासून बघतोय आणि अजून मलाही थांबावंसं वाटतं, खोटं नाही सांगत. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, साम्रदला सांदण दरी, लोक लांबून येतात, येऊ द्या, आमच्या पोरांना त्यातूनच चार पैसे मिळतात.

पण साहेब, मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला गाड्या येतात तेव्हाच हे खड्डे बुजवले जातात आणि तेही मुरमाने! रोलर नाही, डांबर नाही, फावड्याने टाकायचं आणि निघून जायचं. हिरडा, सादडा, बेहड्याच्या झाडांवर काजवे लुकलुकतात तेवढे पंधरा-वीस दिवस रस्ता बरा दिसला की झालं. मग पाऊस. घाटघरला उगीच नगरची चेरापुंजी म्हणत नाहीत, इथल्या पावसात मुरूम टिकत नाही हे शाळेतलं पोरगंही सांगेल. कडेला गटार नाही, मोऱ्या मातीने बुजलेल्या, डोंगराचं पाणी सरळ रस्त्यावरून वाहतं आणि साईडपट्टी खाऊन टाकतं, काजव्यांच्या रात्री त्याच साईडपट्टीवर गाड्या लावून ती आधीच ढासळलेली असते. मी सोमवारी चालत जाऊन आमच्या गावापासून पुढच्या गावापर्यंत खड्डे मोजले, 63 भरले, दोन-चार इकडे तिकडे झाले असतील, अंधार पडत होता.

गेल्या वर्षी ग्रामसभेत तुमच्या खात्याचे साहेब आले होते, म्हणाले दिवाळीनंतर डांबर पडणार म्हणजे पडणारच. आम्ही टाळ्या वाजवल्या. दिवाळी गेली, होळी गेली. अर्ज दिला तर म्हणतात निधी नाही, दुसऱ्या टेबलावर गेलो तर म्हणतात हा रस्ता आमच्याकडे येतच नाही. मग येतो कोणाकडे? कागदावर तरी कोणाचा आहे तेवढं सांगा.

राग फक्त रस्त्याचा नाही. हे धरण 1926 साली पूर्ण झालं, आमच्या पणज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. 100 वर्षं प्रवरेचं पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरला जातंय, तिथला ऊस त्यावर उभा आहे, त्याबद्दल वाईट वाटत नाही, शेतकरी तेही आहेत. घाटघरला 250 मेगावॅटचा वीज प्रकल्प झाला. पाणी आमचं, डोंगर आमचे, आणि उन्हाळ्यात आमच्याच वाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. आमच्याकडून न्यायचं असलं की सरकारला रस्ता सापडतो, आमच्याकडे काही आणायचं असलं की निधी संपतो. हे माझ्या आजोबांनी बघितलं, बापाने बघितलं, आता मी बघतोय आणि माझ्या पोराने हे बघू नये असं मला फार वाटतं.

मागणं मोठं नाही. पावसाळ्यात डांबर पडत नाही हे मलाही कळतं, म्हणून आत्ता मोऱ्या उकरून द्या आणि गटार काढा, खड्ड्यांत मुरमाऐवजी खडी टाकून रोलर फिरवा, आणि दिवाळीनंतर डांबराचा थर द्या, तारखेसकट, लेखी.

आईला सहा आठवडे प्लास्टर सांगितलंय. भाताची रोपं वीतभर झालीत, आवणी पंधरा-वीस दिवसांवर आलीय. रोप उपटायला, मूठ बांधायला उजवाच हात लागतो. काल संध्याकाळी ती बांधावर बसून डाव्या हाताने मूठ बांधून बघत होती, सारखी सुटत होती.

आपला,
धरणाकाठचा एक शेतकरी
ता. अकोले