पेशी काढू नकोस, पडू दे

प्रिय मित्रा,

तुझ्या नव्या चित्राचे फोटो पाहिले. पेशी आहेत, पण हलत काहीच नाही. सगळे गोल एका मापाचे, एकमेकांना न शिवता बसलेत. खऱ्या ऊतीत इतकी दाटी असते की पेशींना कोपरे येतात. १६६५ साली रॉबर्ट हूकला बुचाच्या कापात दिसलं तेही पोळ्यासारखं जाळंच.

हे जाळं कुंचल्यानं काढू नकोस. पातळ केलेले रंग एकावर एक ओत आणि त्यांच्या वजनांचं भांडण लावून दे. टायटॅनियम व्हाइटच्या रंगद्रव्याची घनता (पाण्याची १ धरली तर) ४.२ च्या आसपास, कार्बन ब्लॅकची जेमतेम १.८. पांढरा वर ओतलास की तो खाली उतरायला बघतो, खालचा काळा वर घुसतो आणि जाळी पडते. मेक्सिकोचा चित्रकार सिकेरोस १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यशाळेत हेच करत होता. क्रम उलटा केलास तर थर नुसते एकावर एक पडून राहतात.

एक भाग ॲक्रिलिक, दोन भाग पोअरिंग मीडियम (रंग ओतण्याजोगा पातळ करणारं द्रावण), मग पाणी थेंबाथेंबानं. काडीवरून पडणाऱ्या धारेची रेघ एक-दोन सेकंदांत मिटली की पाणी बंद. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर दोन मिलिमीटर थराला १८० मिलिलिटर लागतं. कडांवरून सांडणार, म्हणून २२० घे. पेशी उघडायला मदत म्हणून सिलिकॉन तेल एकाच रंगात, शंभर मिलिलिटरला दोन-तीन थेंब, आणि काडी दोनदाच फिरव. घोटत बसलास तर तेलाचे कण बारीक होतात आणि पेशींऐवजी पुरळ उठतं.

आता गती. ती सगळी कलवण्यात आहे. गोल पेशी बसून राहते, ताणलेली वाहते. ओतल्यावर अर्धा मिनिट हात लावू नकोस. मग एकाच कोपऱ्याकडे कलव आणि रंग कडेला पोचायच्या आत परत आण. चारही कोपऱ्यांना सारखं फिरवायचा मोह होतो, पण मग ताण सगळीकडे सारखा येतो आणि दिशाच उरत नाही. एखादी मोठी पेशी निवड, तिच्या दोन्ही कडांतून काडीनं आतल्या बाजूला किंचित ओढ. मध्ये कंबर येते आणि ती विभागायला निघालेली दिसते. तीन-चारच कर, फार झाल्या की नक्षी होते.

वाळवताना कॅनव्हास लेव्हल लावून सपाट ठेव, नाहीतर रात्रीतून सगळं उताराला लागतं. पंखा नको: वरची साय आधी आवळते, खालचा ओला थर नंतर आकसतो आणि भेगा पडतात. दहा अंशांखालच्या थंडीतही नको, रंगाचा पापुद्रा नीट जुळत नाही.

वार्निशची घाई करू नकोस. दोन-तीन आठवड्यांनी भांड्यांच्या साबणाच्या पाण्यानं हलक्या हातानं पूस, कारण तेल राहिलं तर वार्निश गोळा होऊन सरकतं. पुढचा फोटो बाजूनं उजेड टाकून काढ, म्हणजे थराची जाडी मला दिसेल.

तुझाच,
मित्र