कोतवाल बुकाच्या नकलेसाठी, काकाजी, तुमचे आभार

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तहसीलच्या रेकॉर्ड खोलीतून निवृत्त झालात, तरी गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंड, माडिया, कोलाम लेकरांच्या वंशावळी तुम्ही आजही जुळवून देता. मेडिकल प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून त्यासाठी हे पत्र.

नीटचे मार्क सगळ्यांना दिसतात, कागदाची अडचण दिसत नाही. 100 जागांच्या सरकारी कॉलेजात राज्याच्या वाट्याला 85 जागा, त्यात अनुसूचित जमातीला 7 टक्के, म्हणजे जेमतेम 6. तेवढे मार्क मिळवूनही जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला पडताळणी समितीनं तपासून खरा ठरवल्याचा कागद, वेळेत हाती नसलं तर पोरगी खुल्या गटात जाते आणि तिथं तिची जागा हुकते.

जातीचा दाखला निघाला की घरचे निश्चिंत होतात. वैधतेला मात्र 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा लागतो भक्कम. पणजोबा शाळेतच गेले नाहीत, तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणायचा कुठून? अशा वेळी तुम्ही कोतवाल बुकाकडे, म्हणजे गावच्या कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरकडे, वळवलंत. त्यातही मेख आहेच. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, जात, मौजा आणि ‘मुलगा’, बस्स. म्हणून एका नोंदीवर थांबायचं नाही, पणजोबाच्या भावांच्या नोंदीही काढायच्या, आणि त्यातला एखादा दुसरी-तिसरी शिकला असेल तर त्याच्या शाळेतल्या जन्मतारखेशी ताडून बघायचं, हे तुम्ही शिकवलंत. शाई उडालेली असली की पानामागे कोरा कागद धरून, रजिस्टर खिडकीकडे तिरपं करून तुम्ही एकेक अक्षर लावता. नकलेवर मौजा, पान, अनुक्रमांक, शिक्का बघितल्याशिवाय ती पिशवीत जात नाही. जातीच्या रकान्यात खाडाखोड दिसली तर त्या नोंदीवर भिस्त ठेवायची नाही, दुसरी शोधायची, हा तुमचा दंडक. तो बरोबरच आहे, कारण पडताळणी समितीचं चौकशी करणारं दक्षता पथक आलं तर मूळ रजिस्टरच उघडतं.

अर्ज अकरावीतच करायचा, निकालाची वाट बघायची नाही, हेही आता पालकांना पटू लागलंय. एका लेकराची वैधता झाली की वडिलांकडच्या चुलत भावंडांचं काम हलकं होतं. हाच कागद पुढे एमडीच्या प्रवेशाला लागतो आणि सहायक प्राध्यापकाच्या राखीव पदालाही. माडिया बोलणारा डॉक्टर वॉर्डात असला की म्हातारीचं दुखणं तिसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत नाही; तोच शिकवायला उभा राहिला तर इतर विद्यार्थ्यांनाही चार शब्द येतील.

एक विनंती आहे. जुन्या मौजांची नावं बदलली, काही गावं ओस पडून रिठी झाली; कुठल्या गावाची नोंद कुठल्या नावाखाली सापडते, ते तुम्हालाच ठाऊक. तेवढं एका वहीत उतरवून द्या. लिहून घ्यायला आम्ही येतो, सवडीचा वार कळवा.

तुमचे ऋणी,
मेडिकल प्रवेश मार्गदर्शन करणारे आम्ही सगळे