तंजावरला निघण्यापूर्वी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

चेन्नईची विमानाची तिकिटे निघाली आणि तिथून पुढे एग्मोर स्टेशनवरून उळवन एक्स्प्रेसमध्ये खालचे दोन बर्थही मिळाले, हे दादाने फोनवर सांगितले त्या रात्री मला झोप लागली नाही. चोवीस वर्षांनी तुम्ही तंजावरला जात आहात. बाबांना तिथल्या रस्त्यांविषयी मी काही सांगावे हे खरे तर बरोबर नाही, कारण ते गाव मला त्यांनीच बोट धरून दाखवले. परंतु गेल्या वर्षी मी एकटी चार दिवस तिथे राहून आले, काय तसेच आहे आणि काय उरलेले नाही हे डोळ्यांनी पाहिले, म्हणून काही गोष्टी आधीच कळवाव्यात असे वाटले.

पहिली विनंती घराविषयी आहे. मेल वीदीतल्या आपल्या घराकडे पहिल्याच दिवशी जाऊ नका. पुढचा ओटा पाडून तिथे दुकानाचे शटर बसवले आहे, मागच्या चौकावर स्लॅब पडली आहे, आणि साताऱ्याहून नवी नवरी म्हणून आलेली आई ज्या खांबाशेजारी नवरात्रातल्या कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या आराशीच्या, पायऱ्या मांडायला शिकली, तो लाकडी खांबही आता नाही. मी स्टेशनवरून थेट तिथेच गेले आणि त्या दिवशी दुसरे काही पाहण्याची इच्छाच राहिली नाही. तुम्ही आधी बाकीचे गाव पाहा. त्यानंतरही जावेसे वाटले, तर शेवटच्या संध्याकाळी दादाला बरोबर घेऊन जा.

जानेवारीत जाताय, हे फार चांगले झाले. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे २८ जानेवारीपर्यंत सोडलेले असते, त्यामुळे कावेरीत पाणी असेल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली असेल, आणि मट्टु पोंगल हा गाईबैलांचा सणही तिथेच सापडेल. त्या दिवशी पेरिय कोविलातल्या, म्हणजे बृहदीश्वराच्या मोठ्या देवळातल्या, नंदीला भाज्यांनी आणि फळांनी मढवतात, हे आईला आठवत असेलच. सुमारे १२ फूट उंचीचा तो एकाच दगडाचा नंदी वांगी, भोपळे, केळी यांच्या माळांखाली झाकून गेला, की आई दरवर्षी म्हणायची, 'आज याला बाजारात उभे केले तरी चालेल.' मात्र गर्दी फार असते. त्या दिवशी नुसते दर्शन घेऊन परत यावे आणि देऊळ नीट पाहायला दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला जावे. दुपारी बारानंतर अंगणातला दगड इतका तापतो की माझे दोन्ही तळवे भाजले होते.

या दुसऱ्या पहाटेसाठीच खरे तर मी हे पत्र लिहायला बसले. राजराज चोळाचे ते दोनशे फुटांहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, सगळेच मान वर करून पाहतात आणि ते पाहावेच; पण तुम्ही प्रदक्षिणेत नैऋत्येकडच्या ओवऱ्यांशी थांबा. तिथे भिंतीवर तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांनी शके १७२५ मध्ये, म्हणजे १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. मी तमिळ शाळेत जात होते, त्यामुळे बाराखडी मी शिकले ती निम्मी घरच्या पाटीवर आणि निम्मी त्या भिंतीवर. बाबा मला एक अक्षर द्यायचे आणि ते भिंतीवर शोधून काढायला सांगायचे. 'भ' लगेच सापडायचा, 'ळ' ला वेळ लागायचा, आणि हात पोहोचेनासा झाला की बाबा मला खांद्यावर घ्यायचे. पुढे मी पुण्यात मराठी शिकवण्याची नोकरी केली, तिची सुरुवात त्या ओवरीत झाली असे मी मनापासून मानते. गेल्या वर्षी पाहिले तेव्हा अक्षरांच्या खाचांत धूळ बसली होती, काही ओळींवर तेलाचे काळपट डाग होते, तरी एकेक अक्षर लावत ओळ वाचता येते.

बाबा, मोतीबिंदूमुळे गेली दोन वर्षे तुम्हाला वर्तमानपत्रही वाचता येत नव्हते. आता दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून हे आवर्जून सांगते. ज्या सरफोजी राजांनी ती भिंत कोरवली, त्यांनी धन्वंतरी महाल या आपल्या दवाखान्यात डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार केले. त्या रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयाने जपून ठेवली आहेत. तुम्ही राजवाड्यात जालच, तेव्हा ग्रंथालयाच्या संग्रहालयाला चांगला तासभर द्या. दरबार महाल पाहिला नाही तरी चालेल. चोळकालीन कांस्यमूर्तींचे दालन मात्र चुकवू नका, तिथे आईला बसायला बाकही मिळेल.

आईसाठी तिरुवैयारूचा एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. तंजावरपासून ते जेमतेम तेरा किलोमीटर आहे. पौष वद्य पंचमीला कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या आराधनेत, म्हणजे पुण्यतिथीच्या उत्सवात, त्यांच्या पाच 'पंचरत्न' कृती गाण्यासाठी शेकडो गायक-वादक जमिनीवर दाटीवाटीने बसतात. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी आई त्या गर्दीत बसून गायली होती, तेलुगू शब्द मराठीत लिहून घेतलेला कागद मांडीवर ठेवून. बायकांना तिथे गायला मिळते ते गायिका बंगळूरु नागरत्नम्मांमुळे. त्यागराजांच्या समाधीची वास्तू त्यांनी स्वतःचा पैसा घालून बांधली आणि बायकांना गायला मनाई होती तेव्हा त्यांचा वेगळा गायनमेळा उभा केला. त्यागराजांच्या समोरच त्यांचीही समाधी आहे. आईने तिथे फूल वाहावे आणि पंचमी साधली नाही तरी घाटावर बसून एखादी कृती म्हणावी. परत येताना तिथला अशोका हलवा घ्यावा. मुगाच्या डाळीचा तो तुपाळ हलवा बाबांनी साखरेमुळे एक चमचाच खावा, एवढे मी दादालाही बजावले आहे.

खाण्याविषयी अधिक काही लिहीत नाही. गावात आता कुठेही बरी कॉफी मिळते, आणि पितळी डबऱ्यात ती ओतून निववण्याची सवय तुम्ही पुण्यातही सोडलेली नाही. कारल्याचे पिटलै कुठे पानात आले तर आवर्जून खा. आपले पिठले तिकडे जाऊन डाळ-चिंचेचे कसे झाले, यावर आई आणि आत्या यांचा वाद अजून मिटलेला नाही.

माझ्यासाठी एकच वस्तू आणा, मान डोलवणारी नाचरी बाहुली. कमरेवरचा भाग, हात आणि डोके वेगवेगळे हलतात ना, ते नीट पाहून घ्यावी. घागऱ्याच्या टोकाला रंग उडालेला नसावा. आईच्या कोलूतली जुनी बाहुली सामान हलवताना माझ्याच हातून फुटली आणि ती जागा आजवर रिकामी आहे.

तुमच्या नातीची बारावीची परीक्षा तोंडावर असल्याने मला येता येत नाही. त्या पहाटे ओवरीत पोहोचल्यावर दादाने बाबांना एक अक्षर द्यावे, म्हणजे 'ळ' द्यावा, आणि तो सापडला की मला फोन करावा. मी साडेपाचपासून जागी असेन. जाड मोजे आणि आईची गुडघ्याची पट्टी पिशवीत अगदी वर ठेवावी.

तुमची लेक